उजवी चावी

सार्वजनिक न्हाणीघरात पाठ घासता घासता तोमोएचा उजवा हात मानेमागे मध्येच थांबला. दुखला नाही. दुखला असता तर तिला बरंच वाटलं असतं. दुखण्याला नाव असतं, चोळायला मलम असतं, कोणावर तरी खापर फोडता येतं. हा नुसता थांबला, पुढे भिंत असल्यासारखा. तिनं कोपर कानाशी आणलं, हनुवटी वर केली, डाव्या हातानं उजवं कोपर मागे रेटलं. बोटं केसांच्या कडेपर्यंत गेली आणि तिथेच चाचपडत राहिली. तिथून वीतभर खाली, खांद्याच्या मागे, साबणाचा फेस न लागलेली जागा तिला आरशात पाहायची नव्हती, पण आरसा समोरच होता आणि नेमका आज त्यावर वाफ कमी होती. शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसलेली एक वाळकी म्हातारी केव्हापासून बघत असावी. ती म्हणाली, "आणा इकडे तो टॉवेल, मी घासते."

"नको. राहू दे."

"अहो, लाजता काय? माझंही असंच झालं होतं. साठी उलटली की हात आपल्याच पाठीला विसरतो."

"माझी साठी उलटलेली नाही," तोमोए म्हणाली. ती नोव्हेंबरात उलटली होती. म्हातारीनं ऐकलं न ऐकलं, टॉवेल तिच्या हातून ओढून घेतला आणि पाठ घासायला सुरुवातही केली, भांडं घासावं तशी, जोर लावून. तोमोए गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली. परक्या बाईची नखं टॉवेलातून लागत होती. ती जागा आता स्वच्छ झाली असेल, आणि ती आपल्या हातानं झालेली नाही, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. मग दुसरी गोष्ट आली, आणि ती आल्यावर गरम पाण्यातसुद्धा तिच्या अंगावर काटा आला. ती उघडी होती. अंगावर चिंधीसुद्धा नव्हती. म्हणजे लाल सूट नव्हता.

गेला दीड महिना तिनं सगळा दोष त्या लाल सुटावर ठेवला होता, आणि तो तिथे छान बसलाही होता. साठीला लाल घालायचं, ही रीतच आहे. लाल बंडी, लाल टोपी, म्हणजे माणूस एक फेरा पुरा करून पुन्हा तान्हं झालं. तिच्या बुड्या मारणाऱ्या मंडळींनी बंडीऐवजी चक्क लाल ड्रायसूट, गार पाणी अंगाला लागू न देणारा बुडीचा पोशाख, शिवून घेतला होता, तिला पत्ता लागू न देता. सुसुकिनोतल्या खेकड्यांच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, मोठं खोकं तिच्यापुढे ठेवलं गेलं. त्सुगावा, जो पाण्यात गप्प आणि जमिनीवर अखंड बोलतो, टाळ्या पिटत म्हणाला, "घाला, घाला! आत्ता, इथेच!" आणि तिला कपड्यांवरूनच तो चढवावा लागला. मनगटाची रबरं घट्ट, मानेचं रबर त्याहून घट्ट, नव्या रबराचा तो गोड उग्र वास खेकड्यांच्या वासात मिसळलेला. पाठीमागची चेन चिगुसानं लावली. ती चेन स्वतःला लावता येतच नाही, दुसऱ्या कोणीतरी लावावी लागते, आणि तोमोएची चेन चिगुसाच लावत आली होती, जवळजवळ तीस हिवाळे. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत ते दात मिटत जाताना होणारा आवाज, शेवटी एक हिसका, मग पाठीवर दोन थापट्या. "अगदी मापात!" मुरोया म्हणाला. "अगदी मापात," त्सुगावा म्हणाला. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि तोमोएही म्हणाली, "अगदी मापात." दुसरं काय म्हणणार? हात वर करून बघावा असं तेव्हा मनातही आलं नाही. भेट अंगावर असताना कोणी कवायत करत नाही.

मग डिसेंबरात तरणतलावात, एकटी असताना, तिनं सहज हात मागे नेला. पाठीवर दोन टाक्या. त्यांच्या डोक्यांना जोडणारी आडवी नळी, आणि नळीवर तीन चाव्या, उजवी, मधली, डावी. उजव्या चावीतून तोंडातली हवा येते. थंडीत तोंडातलं यंत्र कधी कधी गोठतं, उघडंच्या उघडं राहतं, आणि हवा फेसाळत बाहेर पडायला लागते; एवढ्या जोरात की टाकी बघता बघता रिकामी होते. तेव्हा हात मागे न्यायचा आणि ती चावी बंद करायची, गळ्यात लटकणारं दुसरं यंत्र तोंडात घ्यायचं, ते डाव्या चावीवर चालतं. एवढीच गोष्ट. उघड्या समुद्रात ती जमली नाही तरी माणूस वर तरी येऊ शकतो. डोक्यावर बर्फ असला की वर काही नसतं. तरणतलावात तिची बोटं रबराच्या गोल मुठीला नुसती लागली, मांजरीच्या नाकाला लागावीत तशी, आणि घसरली. तिनं सुटात थोडी हवा घेतली, म्हणजे कापड सैल होतं. टाक्यांचा तळ डाव्या हातानं वर ढकलला, म्हणजे चावी जवळ येते. हे सगळं तिनंच कितीतरी जणांना शिकवलं होतं. तरी बोटं घसरली. आणि पाण्यातून बाहेर येऊन डोक्यावरची टोपी काढायच्या आत तिला कळून चुकलं: मापं चिगुसानं दिली. जुना सूट डागडुजीसाठी चिगुसाकडेच पडला होता. चिगुसानंच खांद्याला कमी धरलं.

हे एकदा सापडल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं. चिगुसानं आयुष्यभर बालवाडीत शिकवलं, आणि तिचा आवाज तिथेच राहिला. पन्नास वर्षांच्या पुरुषालाही ती शेंबूड पुसायच्या सुरात हाक मारते. ती कधी भांडत नाही. ती संत्रं सोलते, पांढरे धागे एकेक काढते आणि तुमच्या पुढ्यात ठेवते, तुम्ही मागितलेलं नसताना. ती कुठलीही गोष्ट एकदाच सांगते, एकदाच विचारते. उत्तर आलं नाही तर मान किंचित कलती करून हसते, आणि उत्तर तिला आधीच ठाऊक होतं असं तुम्हाला वाटत राहतं. अशा बाईला कोणाला घरी बसवायचं असलं तर ती काय करेल? ओरडेल? छे. ती त्याला लाल सूट शिवून देईल, खांद्याला दोन बोटं कमी. सगळे टाळ्या वाजवतील. मग फेब्रुवारीत, हंगामाच्या पहिल्या दिवशी चाव्या बंद करून दाखवताना, सगळ्यांसमोर हात पोचणार नाही, आणि ती मान कलती करेल. डिसेंबरापासून तोमोए हे चित्र रोज काढत होती, पुसत होती, पुन्हा काढत होती, भाजी चिरताना, दाराशी साचलेला बर्फ फावड्यानं लोटताना. त्यात एक ऊब होती. आणि आज एका वाळक्या म्हातारीनं टॉवेलसकट ती ऊब तिच्या अंगावरून घासून काढली होती.

"झालं," म्हातारी म्हणाली. "आता माझी घासता का?"

तोमोएनं घासली. डाव्या हातानं.

घरी येऊन तिनं केरसुणी उलटी धरली आणि दांडा मानेमागून खाली सोडून खालच्या टोकाला डाव्या हातानं ओढायला लागली. किइची, तिचा नवरा, बाहेरच्या खोलीत कुस्त्या बघत होता; जाहिरात लागली तेव्हा पाणी प्यायला आला आणि दारातच उभा राहिला.

"हे काय चाललंय?"

"व्यायाम."

"कुठला?"

"खांद्याचा."

"डॉक्टरकडे जा की. शेजारच्या सुजुरानचं झालं होतं बघ तसं, पन्नाशीचा खांदा म्हणतात त्याला. तुला दहा वर्षं उशिरा आला." आपल्याच विनोदावर तो हसला. "तुझं सगळंच उशिरा. गाडी उशिरा शिकलीस, पोहायला उशिरा शिकलीस—"

"चेष्टा पुरे."

"चेष्टा कुठे? मी म्हणतो, झालं आता. पोस्टातनं सुटलीस तशी समुद्रातनंही सुट. इतकी वर्षं बर्फाखाली गेलीस, काय ठेवलंय तिथे?"

तिनं दांडा ओढला. खांद्यात काहीतरी खट्ट झालं आणि डोळ्यांत पाणी आलं. किइचीनं कुस्त्यांच्या खोलीत परत जाताना मागे न बघता म्हटलं, "चिगुसाला सांगितलंस का?" आणि त्या साध्या प्रश्नानं तिला एवढा संताप आला की तिनं केरसुणी भिंतीवर आपटली. चिगुसाला का सांगायचं? चिगुसाला सगळं आधी का कळायला हवं?

काय ठेवलंय तिथे. फेब्रुवारीत पूर्वेच्या किनाऱ्यावर जाताना गाडीत मागच्या बाजूला बसून ती त्याच प्रश्नाशी खेळत होती. मुरोया गाडी चालवत होता, त्सुगावा शेजारी बसून बोलत होता, चिगुसा तिच्या बाजूला संत्रं सोलत होती. बाहेर पांढरं, पुन्हा पांढरं, मध्येच गोठ्याचं लाल छप्पर. पहिल्यांदा ती याच रस्त्यानं गेली तेव्हा पोस्टाच्या खिडकीमागे बसून तिला काही वर्षं झाली होती आणि दिवसभर लोकांच्या बोटांकडे बघून, शिक्के मारून ती अशी झाली होती की रविवारीही हात शिक्का मारल्यासारखा हलायचा. कोणाचातरी पुरुषी सूट अंगात घातला होता. सुटाच्या पायांत हवा भरली आणि ती पाण्यात उलटी झाली, पाय वर, डोकं खाली, आणि तिला ओढून सरळ करणारे हसत असताना तिनं पहिल्यांदा वर बघितलं. वर बर्फ होता. पांढरा नव्हताच. हिरवा, मग निळा, मग कुठे तपकिरी शेवाळाच्या डागांचा, आणि त्यातून आलेला उजेड तिच्या हातांवर असा पडला होता की ते हात तिला पोस्टातले वाटले नाहीत. बर्फ तेव्हा आवाज करायचा. लांबवर कोणी जाड दोरी पिळावी तसा करकर, मग एकदम एखादा सूर, खूप खालचा. वर आल्यावर कोळ्यांच्या एका बाईनं तिच्या ओंजळीत गरम मिसो सूपचं वाडगं ठेवलं होतं आणि "निळी पडलीस गं पोरी" म्हणून गालावर चापट मारली होती. तो बर्फ आता येत नाही. आता येतो तो उशिरा येतो, तुकड्यातुकड्यांनी येतो, दोन दिवसांत वारा फिरला की निघून जातो. ती कोळीण कधीच गेली. पण पाण्याखाली, त्या छताखाली गेलं की कोणी तिला काही विचारत नाही. काय केलंस, काय ठेवलंय, किती झालं. तिथे फक्त आपला श्वास ऐकू येतो आणि समोर दुसरं माणूस असतं. ते दुसरं माणूस चिगुसा असतं, ही त्यातली वाईट गोष्ट.

"घे," चिगुसा म्हणाली आणि संत्र्याची फोड पुढे केली.

"नको."

"गोड आहे."

"नको म्हटलं ना."

चिगुसानं मान कलती केली आणि फोड स्वतः खाल्ली. त्सुगावा मागे वळून म्हणाला, "आमच्या लाल बाळाचं आज काय बिनसलंय? दात येतायत वाटतं!" मुरोया हसला. तोमोएही हसली, कारण न हसणं जास्त दिसलं असतं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी, काहीही करायच्या आधी, प्रत्येकानं सगळ्यांसमोर पाण्यात उतरून चाव्या बंद करून दाखवायच्या, हा नियम तोमोएचा होता. पूर्वी नव्हता. एका हिवाळ्यात एकाच्या तोंडातलं यंत्र बर्फाखाली गोठलं आणि तो घाबरून भलतीचकडे पोहत सुटला. सुदैवानं दोर होता. त्यानंतर तिनं नियम केला आणि तो पाळून घेतला. पुढे इनाबा म्हणून एक सभ्य गृहस्थ होते, सरकारी जंगलखात्यातले, मोठ्या पोटाचे. त्यांचा हात पोचेना. तिनं त्यांना तीनदा करायला लावलं आणि तिसऱ्यांदाही पोचला नाही तेव्हा काठावर सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तुम्ही नाही." इनाबांनी कमरेत वाकून नमस्कार केला, टाक्या उचलल्या आणि निघून गेले. त्याबद्दल तिला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं, आताही वाटत नव्हतं. हात पोचतो किंवा पोचत नाही. यात माणसाच्या सभ्यपणाचा काय संबंध? फक्त, आता सुटाच्या आत घालायचे लोकरी कपडे चढवताना तिला त्यांचं वाकणं दिसत राहिलं; वाकताना ते पोटामुळे पूर्ण वाकू शकले नव्हते.

बंदरातल्या पत्र्याच्या खोलीत रॉकेलची शेगडी पेटलेली होती. चिगुसा मागे उभी राहिली. चेन. दातांचा आवाज, शेवटचा हिसका. हिसका देताना चिगुसाचा हात तिच्या उजव्या खांद्यावर जरा जास्त वेळ राहिला, असं तोमोएला वाटलं. गेल्या हिवाळ्यातही असाच राहिला होता का? तिनं खांदा झटकला.

बर्फात करवतीनं कापलेलं भोक त्रिकोणी होतं, पाणी काळं, वर बर्फाचा चुरा तरंगत होता. कमरेला दोर बांधून एकेक जण उतरला. दोन पुरुष खोल पाण्यात मुरोयानं आपल्या चाव्या आधी करून दाखवल्या, खाट खाट, त्याचे हात लांबच आहेत. मग चिगुसा. तिचं शरीर बुटकं, जाडं, आणि तरी तिची कोपरं सहज वर गेली. तोमोए बघत होती आणि तिच्या तोंडातल्या रबराला तिचे दात रुतले होते. मग मुरोयानं तिच्याकडे बोट केलं. उजवी.

चिगुसा समोर आली, दोन हातांवर, नेहमीसारखी. एकमेकींचे डोळे बघत हे करायचं असतं. काचेमागे चिगुसाचे डोळे मोठे, पाणीदार, कुठल्यातरी माशाचे. तोमोएनं सुटात हवा घेतली. कापड अंगापासून सुटलं, खांद्याभोवती गार पोकळी झाली. कोपर कानाशी. हनुवटी वर. डावा हात टाक्यांच्या तळाशी, ढकल. बोटं टोपीच्या मागून खाली गेली, नळीवरून घसरली, चावीच्या कडेला लागली. लागली. तिनं दात ओठ खाऊन आणखी रेटलं, आणि खांद्याच्या आत कुठेतरी दार बंद झालं. जाड हातमोज्यांतून तिला ती कड जाणवत होती, खडबडीत, जवळ, आणि ती पकडता येत नव्हती. गाल थंडीनं बधिर झाले होते. काचेच्या आत घाम. बुडबुड्यांचा आवाज वाढला. ती जोरात श्वास घेत होती, आणि चिगुसाला ते दिसत होतं, चिगुसाला सगळं दिसत होतं. इनाबा वाकले होते. पोटामुळे पूर्ण वाकू शकले नव्हते.

चिगुसा पुढे आली. मिठी मारायला यावी तशी अगदी जवळ, छातीला छाती लावून, एक हात तोमोएच्या खांद्यावरून मागे गेला, जसं काही एखादी नळी सरळ करायची आहे. मुरोया चिगुसाच्या पाठीमागे होता, त्याला तिची पाठ तेवढी दिसत असणार. मग तोमोएच्या तोंडातली हवा घट्ट झाली. एक श्वास ओढून घ्यावा लागला, त्यापुढचा आलाच नाही. चावी बंद झाली होती. तिच्या बोटांखालून, तिच्या बोटांनी नाही. आणि तिचा डावा हात, त्याला कोणी न सांगता, टाक्या सोडून गळ्याशी गेला, दुसरं यंत्र उचलून तोंडात कोंबलं, आणि तिनं श्वास घेतला. इतक्या वर्षांची सवय. चिगुसा मागे सरली. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला, मुरोयाकडे वळून दाखवला. झालं. ठीक.

खोलीत शेगडीभोवती मुरोया म्हणाला, "तोमोए-सान, साठीला हे! मानलं बुवा." त्सुगावानं वाडग्यांत सूप ओतलं. "आमचं लाल बाळ चालायला लागलं!" चिगुसा केस पुसत होती. तिनं तोमोएकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच असह्य झालं. तिनं एकदा बघितलं असतं, डोळा मारला असता, उपकार दाखवला असता, तर तोमोएनं कदाचित सूप पिऊन टाकलं असतं, आणि दुपारी बर्फाखाली गेली असती, चिगुसाच्या हाताच्या भरवशावर, पुढच्या हिवाळ्यातही, त्याच्या पुढच्याही. तो हात नेहमी जवळ राहिला असता. तिनं वाडगं खाली ठेवलं.

"चावी मी नाही फिरवली," ती म्हणाली.

"हो?" मुरोया अजून हसतच होता.

"हिनं फिरवली. माझा हात पोचला नाही."

शेगडीवरच्या किटलीचं झाकण वाजत राहिलं. मुरोयानं चिगुसाकडे बघितलं, चिगुसानं टॉवेलाची घडी केली.

"सूट घट्ट आहे," तोमोए म्हणाली. आवाज चढत होता आणि तिला तो खाली आणायचा नव्हता. "पहिल्या दिवसापासून घट्ट आहे. खांद्यात. मी बोलले नाही, तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलात म्हणून. मापं कोणी दिली ते मला माहीत आहे. कमी कोणी धरलं तेही माहीत आहे."

चिगुसानं घडी मांडीवर ठेवली. तिचा आवाज बालवाडीतलाच होता, पण खालच्या पट्टीतला, पोरं झोपल्यावरचा. "कमी नाही धरलं. जास्त धरलं."

"काय?"

"दोन बोटं जास्त. जुन्या सुटापेक्षा. शिवणारा म्हणाला, बाई, ढगळ दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. गेल्या हिवाळ्यात चेन लावताना तुझा उजवा खांदा वर येत नव्हता. मला वाटलं, जागा असली तर पोचेल."

"खोटं बोलतेस!"

"मुरोया-सान, बघा बरं."

मुरोयाला उठायचं नव्हतं, ते दिसत होतं. तो उठला. तोमोएच्या पाठीमागे गेला आणि खांद्यापाशी कापड चिमटीत धरलं. तिला ते जाणवलं, कापडाची जाड वळी, त्याच्या दोन्ही बोटांत मावेल एवढी, आणि अजून उरेल एवढी. त्यानं वळी सोडली. त्सुगावा शेगडीकडे बघत होता.

"वर्षभर तुला माहीत होतं," तोमोए म्हणाली.

"हो."

"आणि तू बोलली नाहीस."

"तू बोलली नाहीस," चिगुसा म्हणाली.

त्या क्षणी तोमोएला जेवढा तिचा राग आला तेवढा कोणाचाच कधी आला नव्हता. किइचीचा नाही, त्या म्हातारीचा नाही, पोस्टातल्या साहेबांचा नाही. सूट कमी शिवला असता तर तिनं एखादे वेळी माफही केलं असतं. पण ही तिच्या पाठीमागे उभी राहून, चेन ओढता ओढता, तिच्या खांद्यात काय चाललंय ते तिच्या आधी बघत होती, आणि शिंप्याला सांगत होती, आणि पाण्यात तिच्या जागी चावी फिरवत होती. तिला कोणीतरी आपल्या आत शिरल्यासारखं वाटलं. सूट ढगळ होता. म्हणजे आत आणखी एक माणूस मावत होता.

मुरोया घसा साफ करत म्हणाला, "म्हणजे मग... दुपारचं... नियम तर तुमचाच आहे, तोमोए-सान."

"मला माहीत आहे नियम कोणाचा आहे."

"पुढच्या वर्षी, खांदा बरा झाला की—"

"दुपारी कोण कोण जाणार?" तिनं विचारलं. अगदी पोस्टाच्या खिडकीतून विचारावं तसं.

मुरोया आणि चिगुसा जाणार होते. वर दोन दोर धरायला दोन माणसं लागणार. एक त्सुगावा, दुसऱ्यासाठी बंदरातल्या कोणाला तरी बोलवावं, असं मुरोया म्हणत होता. चिगुसा मधेच म्हणाली, "माझा दोर हिच्याकडे द्या."

"का?" तोमोए म्हणाली.

"तुला खुणा पाठ आहेत."

"बंदरातल्या पोरांनाही आहेत."

"असतील," चिगुसा म्हणाली आणि उठून टोपी शोधायला लागली.

दुपारी वारा पडला होता. भोकाच्या काठावर घोंगडी टाकून तोमोए गुडघ्यांवर बसली. लाल सूट काढून ठेवला होता. अंगात नुसते लोकरी कपडे आणि किइचीचा जुना कोट. तिच्या हातून दोर सरकत होता, पहिल्यांदा भरभर, मग हळू, मग थांबत थांबत. भोकातलं पाणी सपाट झालं. बुडबुडे काही वेळ आले, मग ते बर्फाच्या खाली पसरत गेले असावेत, कारण वर काहीच येईना. पलीकडे त्सुगावा मुरोयाचा दोर धरून शांत बसला होता. तिच्या गुडघ्यांखाली, हातभर बर्फाच्या आड, ती बाई त्या हिरव्या उजेडात होती, पाठीवर झोपून छताकडे बघत असेल, तशी तिची सवय. तोमोए कधीच वर बसली नव्हती. वरून बर्फ पांढराच दिसतो. त्याला काही रंग नाही, आवाजही नाही. तिनं वाकून कान जवळ नेला. नुसती थंडी कानात गेली. आणि तिला कळलं की आता हे असंच असणार आहे, या हिवाळ्यात आणि पुढे, खांद्याला कितीही शेकलं तरी. आणि तिला रडू आलं नाही, तिला चिगुसाला बाहेर ओढून काढावंसं वाटलं, माशासारखं, तोंड उघडं, फडफडत.

दोराला एक ओढ आली. खालून एक ओढ म्हणजे: मी ठीक आहे, तू आहेस ना? वरून एक ओढ द्यायची: आहे. ती आली तशी लगेच द्यायची, विचार करायचा नाही. खालच्या माणसाला त्याशिवाय कळत नाही की दोराच्या दुसऱ्या टोकाला कोणी आहे की नाही. तोमोएला हे माहीत होतं. ती ओढ आली की तिलाही खाली असताना नेहमी बरं वाटायचं, आणि ती देणारा वर कोण बसलाय याचा तिनं कधी विचार केला नव्हता. तिनं दोर दोन्ही मुठींत घट्ट धरला. ओढ दिली नाही. हात उचलायचा नव्हता, मागे न्यायचा नव्हता, नुसतं मनगट हलवायचं होतं. दोर भिजलेला होता, त्यावर बर्फाची साय धरत होती. त्सुगावानं मान वर केली, तिच्याकडे बघितलं. पाणी काळं होतं. खाली, त्या छताखाली, चिगुसाचा श्वास आता किंचित वाढला असेल. ती पाठीवरून पालथी झाली असेल. तिनं दोराकडे पाहिलं असेल.

मग पुन्हा ओढ आली. आधीपेक्षा जोरात, आणि थोडी वेडीवाकडी.

इतक्या वर्षांत चिगुसानं तिला कुठलीही गोष्ट दोनदा विचारली नव्हती.

तोमोएनं दोर एकदा ओढला.